जाळीचे पैसे

त्या वर्षी मे संपेपर्यंत आमचा संघ एक्केचाळीस सामने खेळला आणि त्यातले एकोणतीस हरला. मी तिकिटाच्या खिडकीत बसायचे, त्यामुळे प्रत्येक पराभवाची पहिली झळ मलाच लागायची. "काय व्हर्ना, आज किती धावांनी हरायचं ठरलंय? आधीच सांग, म्हणजे जेवायला घरी जातो," असं म्हणत लोक पैसे आत सरकवायचे. पुढे पुढे असं म्हणायलासुद्धा फारसं कुणी येईना. हजार माणसांच्या लाकडी पायऱ्यांवर दीडशे माणसं कशी बसतात ते मी रोज पाहत होते. मयताला आल्यासारखी एकमेकांपासून लांब लांब, हळू आवाजात बोलत.

संघाचं नाव ड्रिलर्स. हार्लन वेल्समध्ये तेलाच्या विहिरी होत्या, कापूस होता आणि उरलेली सगळी पश्चिम टेक्ससची धूळ होती. मिरवावं असं गावाकडे काय होतं, तर हा बेसबॉलचा संघ. तो कुणा एकाच्या मालकीचा नव्हता, गावाचा होता, आणि गावाच्या वतीने पाच जणांची समिती तो चालवायची. माझा नवरा ऑरिन त्या पाचांतला एक. एकोणपन्नास साली तो गेला आणि त्याची खुर्ची माझ्याकडे आली, कारण ती दुसऱ्या कुणाला नको होती. पुढच्या चार वर्षांत समितीने माझं मत एकदाच विचारलं, बाकड्यांना कुठला रंग द्यावा म्हणून. मी हिरवा म्हटलं. त्यांनी करडा दिला.

आणि माझ्या घरी मागच्या खोलीत लेलँड मेबरी राहायचा.

यात वावगं काही नव्हतं. खेळाडूंना गावातल्या घरांनी ठेवून घ्यायची आमच्याकडे रीतच होती, आणि लेलँडला ऑरिननेच आणलं होतं. आठ वर्षं तो आमच्या फर्स्ट बेसवर, पोरांनी फेकलेले चेंडू झेलत, उभा होता. वय छत्तीस, माझ्याहून सहा वर्षांनी लहान. उंच, हाडकुळा, कान जरा जास्तच मोठे, बोलणं कमी. हिवाळ्यात विहिरींवर मजुरी करायचा आणि मार्च आला की हातमोजा शिवून, बूट पुसून मैदानावर हजर व्हायचा. ऑरिन गेल्यावर त्याने आपण होऊन विचारलं, "मिस व्हर्ना, मी दुसरीकडे बघू का?" मी म्हटलं, "कशाला? ती खोली काय चावते का तुला?" तो विषय पुन्हा निघाला नाही. जेवल्यावर तो स्वतःची बशी स्वतः धुवायचा. मागच्या दाराची पायरी मोडली तर मी सांगायच्या आत नवी बसवायचा. चार वर्षांत त्याने माझ्या बोटाला बोट लावलं नाही, आणि चार वर्षांत त्याची मोटार दारात येऊन थांबल्याशिवाय मला झोप लागली नाही. मी काय म्हणतेय ते कळलंच असेल.

तो काही मोठा फलंदाज नव्हता. वर्षाला सहा-सात होम रन मारले तर खूप. पण मारला की मला घाई व्हायची, कारण आमच्याकडे होम रन मारणाऱ्याचा एक मान असतो. चेंडू भिंतीपलीकडे घालवून, चारही बेसना फेरी मारून तो परत आला की लगेच डगआउटमध्ये, खेळाडूंच्या बाकांकडे, जात नाही. टोपी काढतो आणि प्रेक्षकांपुढे जी तारेची जाळी असते तिच्या कडेकडेने चालत जातो. लोक एकेका डॉलरची विडीसारखी गुंडाळी करून जाळीच्या भोकातून पुढे काढतात, तो त्या ओढून टोपीत टाकतो. जाळीचे पैसे म्हणतात त्याला. पण हे फक्त आपल्या माणसासाठी. पाहुण्या संघातल्या कुणी मारला तर त्याने मुकाट्याने आपल्या बाजूला जायचं आणि आम्ही तोंडं फिरवायची.

लेलँडला जाळीतून पंधरा-वीस डॉलर मिळायचे. त्या नोटा काही केल्या सरळ होत नसत. तो त्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर ओतायचा आणि मी त्यांना इस्त्री करायचे. "अहो, पैसे आहेत ते, शर्ट नाहीत," असं तो दर वेळी म्हणायचा आणि दर वेळी इस्त्री होईपर्यंत समोर बसून राहायचा. आमच्या घरातला सण म्हणजे एवढाच.

जूनच्या पहिल्या सोमवारी होइट प्रुइटने समितीची बैठक बोलावली. होइट अध्यक्ष. त्याचं मोटारी विकायचं दुकान होतं आणि गावात जे काही चालायचं ते आपल्यामुळेच चालतं असा त्याचा समज होता. शाळेत तो माझ्या वर्गात होता. तेव्हाही असाच होता.

दुकानाच्या मागच्या खोलीत पंखा सगळी धूळ गोलगोल फिरवत होता. होइटने टेबलावर एक फोटो टाकला. "क्लीट हॅनराटी," तो म्हणाला.

नाव सांगायची गरज नव्हती. हॅनराटीने आदल्या वर्षी मेरिडिथ गावच्या संघाकडून त्रेपन्न होम रन मारले होते, त्यातले नऊ आमच्याच भिंतीवरून.

"मेरिडिथच्या मालकाशी त्याचं वाजलंय," होइट म्हणाला. "तो मोकळा आहे. महिन्याला आठशे मागतोय."

"आठशे!" डॉक्टर कल्पेपर म्हणाले. ते गावचे दंतवैद्य, समितीतले सगळ्यांत वडील. "आपली पोरं दोनशेवर खेळतात. आणि इतका पगार द्यायला लीग परवानगी देणार आहे का?"

"लीगला कशाला सांगायचंय? अडीचशे पगार, बाकीचे माझ्या दुकानात नोकरी म्हणून. सकाळी तासभर येईल, मोटारींना टेकून उभा राहील. सगळी गावं असंच करतात, डॉक्टर. तुम्ही काय काल जन्मलात?"

"होइट, आपल्याकडे पिचर नाहीत रे. आपल्या पोरांनी टाकलेला चेंडू माझी आजीसुद्धा भिंतीबाहेर घालवेल. हॅनराटी पाच धावा करील आणि आपण नऊ देऊ. तेच पैसे दोन पिचरांवर घाल."

"पिचर बघायला कोण येतं? लोकांना एक-शून्यने हरायचा कंटाळा येतो, डॉक्टर. बारा-अकराने हरायला ते तिकीट काढून येतील."

बर्फाच्या कारखान्याचा ग्रेडी हसला. तो नेहमीच होइटच्या बाजूने असायचा. औषधाच्या दुकानवाला मिल्टन डॉक्टरांच्या बाजूने. मी मात्र दुसऱ्याच गोष्टीचा विचार करत होते. आमच्या लीगमध्ये एका संघाला पाचच जुने खेळाडू ठेवता यायचे, बाकी सगळे नवखे लागत. आमचे पाच भरलेले होते.

"मग कुणाला काढणार?" मी विचारलं.

होइट फोटो सरळ करत बसला. "हॅनराटी फर्स्ट बेसवर खेळतो, व्हर्ना," तो म्हणाला. "तूच सांग."

हात वर झाले. दोन इकडे, दोन तिकडे. माझा हात मांडीवरच राहिला. मी म्हटलं, मला विचार करू दे. हॅनराटीला बुधवारी संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं, म्हणून होइटने बुधवारी दुपारी पुन्हा जमायचं ठरवलं. "कर, कर, विचार कर," तो दार उघडून धरत म्हणाला. "तुझं मत काय पडणार ते आम्हाला ठाऊकच आहे."

मंगळवारी सकाळी पोस्टात गेले तर गावभर झालेलं. माझ्या समोरच्या घरातली मिल्ड्रेड हॉब्स तिकिटं चिकटवत उभी होती. मला बघून तिने जीभ आत घेतली.

"ऐकलं गं मी. लेलँडचं सगळं तुझ्यावर आहे म्हणे."

"समितीवर आहे."

"तेच ते. तुला जडच जाणार, नाही का? इतकी वर्षं एका छपराखाली म्हणजे..." आणि तिने पुढचं वाक्य पाकिटाबरोबर पेटीत टाकलं. मागे दोन बायका उभ्या होत्या. त्या छताकडे बघू लागल्या.

मी घरी आले तेव्हा माझे कान तापले होते. चार वर्षं हे लोक काय बोलत असतील ते मला माहीत नव्हतं असं नाही, पण माहीत असणं वेगळं आणि तोंडावर येणं वेगळं. दिवसभर मी रागाने भांडी घासली. राग मिल्ड्रेडवर होता, होइटवर होता, आणि सांगायला लाज वाटते, पण लेलँडवरही होता. तो उंच का, तो माझ्या घरात का, त्याचा शर्ट माझ्या दोरीवर का, या सगळ्यावर राग होता.

संध्याकाळी सामना नव्हता. वालाचे दाणे, मक्याची भाकरी आणि तळलेलं मांस असं जेवण होतं. तो जेवला, बशी धुतली, पण खोलीत गेला नाही. ओट्याला टेकून फडक्याने हात पुसत राहिला, कोरडे झाले तरी.

"मला कळलंय, मिस व्हर्ना," तो म्हणाला. "तुम्ही अवघडू नका. संघाला जे बरं ते करा."

"हॅनराटी चाळीशीचा आहे," मी म्हटलं. "त्याचा गुडघा गेलाय म्हणतात."

"गेलेल्या गुडघ्यानेसुद्धा तो माझ्यापेक्षा लांब मारतो." त्याने फडकं दोरीवर घातलं, नीट चार कोपरे जुळवून. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "मला दुसरीकडे खेळायला मिळेल. नाही मिळालं तर विहिरी आहेतच. खेळाचं काही नाही. पण मला इथून जायचं नाहीये, व्हर्ना."

मानाचं मिस नाही, नुसतं व्हर्ना. आठ वर्षांत पहिल्यांदा.

माझ्या हातात ग्रेव्हीचं भांडं होतं. त्या वेळी ते खाली ठेवून मी दोन पावलं पुढे गेले असते तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती. उघड्या खिडकीतून समोर मिल्ड्रेडच्या ओसरीवरचा दिवा दिसत होता आणि दिव्याखाली तिची झुलती खुर्ची हलत होती. "उद्या बघू," मी म्हटलं. त्याने मान हलवली आणि तो आत गेला.

त्या रात्री मी ठरवलं होतं की नाही म्हणायचं. हे मला पक्कं आठवतं. डॉक्टरांचं बरोबर होतं, पिचर नसताना हॅनराटी आणणं म्हणजे छप्पर गळत असताना दाराला रंग देणं. नाही म्हणायला माझ्याकडे स्वच्छ कारण होतं. लेलँडचं नाव घ्यायचीसुद्धा गरज नव्हती.

बुधवारी दुपारी तोच पंखा, तीच धूळ. डॉक्टरांनी पुन्हा पिचरांचं सांगितलं, ग्रेडीने पुन्हा हसून घेतलं. मग होइट खुर्चीत मागे रेलला.

"चला, व्हर्नाचं मत घेऊन टाकू. म्हणजे घ्यायचं काय त्यात! घरातल्या माणसाला कोण बाहेर काढतं?" आणि त्याने ग्रेडीकडे बघून डोळा मारला. "बाईमाणूस आहे, मागची खोली थंड पडेल बिचारीची."

ग्रेडी हसला. मिल्टननेसुद्धा, तो आमच्या बाजूचा असून, मिशीत हसून घेतलं. फक्त डॉक्टर म्हणाले, "होइट, तोंड सांभाळ."

या लोकांच्या डोळ्यांपुढे माझं सगळं घर उघडं पडलं होतं, इस्त्रीच्या नोटांसकट. आणि मला एकच सुचलं. हे खोटं आहे, असं यांना दाखवून द्यायचं.

"हॅनराटीला आणा," मी म्हटलं.

होइटचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्याला हवं ते मिळालं होतं आणि तरी त्याला कुणीतरी थोबाडीत दिल्यासारखं दिसत होतं. तेवढं एक समाधान मला मिळालं. किती वेळ टिकलं म्हणाल, तर दुकानाच्या दारापर्यंत. दारात डॉक्टरांनी मला गाठलं. "व्हर्ना, हे तू संघासाठी केलंस?" त्यांनी विचारलं. मी चालू लागले. पुढे कितीतरी वर्षं लोकांना मी संघासाठीच केलं म्हणून सांगत आले. ते खोटं होतं. मी भित्री होते, आणि भित्रेपणाला मी ताठ मान समजले.

लेलँडने काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याने कपड्यांची पिशवी, बूट आणि फर्स्ट बेसचा तो मोठा हातमोजा मोटारीत टाकला. वल्दा नावाच्या गावचा संघ होता, आमच्याच लीगमधला, पार दक्षिणेच्या टोकाला. आम्ही आठवे तर ते सातवे. त्यांच्या फर्स्ट बेसवाल्याचा हात मोडला होता म्हणून त्यांनी याला महिन्याच्या बोलीवर घेतलं. मी दारात उभी होते. मी म्हटलं, "जेवून तरी जा."

"लांबचा पल्ला आहे, मिस व्हर्ना," तो म्हणाला. पुन्हा मिस. मग त्याने मागच्या पायरीवर पाय दाबून बघितला, ती डुगडुगत नाही ना ते, आणि गेला.

हॅनराटी वाईट माणूस नव्हता. असता तर सोपं गेलं असतं. बैलासारखा रुंद, चेहरा भाजलेला, पेन्सिल्व्हेनियाच्या कोळशाच्या खाणीत वाढलेला. पहिल्याच आठवड्यात त्याने चार होम रन मारले आणि लोक आले! देवा, किती आले. तिकिटं संपली, मी कागद फाडून आकडे लिहून दिले. चेंडू भिंतीवरून गेला की सगळ्या पायऱ्या जाळीकडे धावायच्या. वाणसामान उधारीवर नेणारी माणसं पाच-पाच डॉलरच्या नोटा गुंडाळताना मी पाहिली. एका संध्याकाळी हॅनराटीला एका फटक्याला दीडशे डॉलर मिळाले आणि टोपी भरल्यावर त्याने नोटा शर्टात कोंबल्या. होइट मला बघून हात हलवायचा, आपण दोघांनी मिळून केल्यासारखा.

आणि आम्ही हरत राहिलो. चौदा-अकरा. दहा-नऊ. एकदा तर एकवीस-तेरा. डॉक्टरांनी सांगितलं होतं तसंच, अगदी तसंच. महिनाभर लोकांनी ते मजेत घेतलं. मग एखाद्या दिवशी हॅनराटी नुसताच झेलबाद झाला तर पायऱ्यांवरून शिव्या येऊ लागल्या, आणि जाळीतून येणाऱ्या पाचाच्या नोटा पुन्हा एकाच्या झाल्या.

जुलैत एकदा तो सामन्याआधी माझ्या खिडकीपाशी आला. गुडघ्याला फडकं बांधलेलं होतं.

"बाई, तुमच्या मतावर मी आलो म्हणे."

"हो."

"चुकलात. मी नुसता मारतो. मारणाऱ्याला आणून कुणी जिंकत नाही, मी अकरा गावांत बघितलंय." तो खिडकीच्या लाकडावर नखाने रेघ ओढत होता. "माझ्या जागेवर होता तो कोण?"

"होता एक," मी म्हटलं.

"पोरं सांगतात, त्याच्याकडे कसाही फेकला तरी चेंडू त्याच्या हातमोज्यात जायचा. आता सगळे इकडेतिकडे जातात. मला वाकता येत नाही." मग तो लंगडत गेला.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात त्याचा गुडघा पुरता बसला. एका सकाळी होइटच्या दुकानात तो आलाच नाही. खोली रिकामी, मोटार गायब, तारीख उलटायच्या आत पगार मात्र घेतलेला. त्याच्यावर खर्चलेले पैसे तिकिटातून निघाले नव्हते. मैदानाच्या दिव्यांची वीज तोडली, म्हणून उरलेले सामने भर दुपारच्या उन्हात खेळायचे ठरले. मग समिती एकदा बसली, आणि महिन्याच्या शेवटच्या रविवारी संघ बंद करायचा असं पाचही हातांनी ठरलं. या वेळी माझा हात सगळ्यांत आधी वर झाला.

शेवटचा सामना वल्दाशी होता. मला आठवडाभर माहीत होतं. मी केस धुतले, निळा झगा घातला, आणि पुन्हा काढून रोजचा घातला.

त्या दिवशी तीनशेएक माणसं आली. मयताला जास्तच येतात. सहाव्या इनिंगला मी नेहमीप्रमाणे खिडकी बंद केली आणि जाळीमागे, पहिल्या रांगेच्या कडेला जाऊन उभी राहिले. मागे होइट आणि ग्रेडी होते, दोन रांगा वर मिल्ड्रेड. लेलँड वाळला होता. वल्दाचा शर्ट त्याला खांद्यावर आखूड होत होता.

त्याची पाळी आली. आमच्या पोराने दुसराच चेंडू मधोमध टाकला आणि लेलँडने तो मारला. आवाजावरूनच मला कळलं. चेंडू उजव्या भिंतीवरच्या होइटच्या जाहिरातीवरून पलीकडे गेला. कुणी ओरडलं नाही. तो धावायला लागला, त्याच्या त्या छोट्या छोट्या पावलांनी, खाली मान घालून. तो सेकंड बेसला वळला तेव्हा माझ्या हाताने खिशातला डॉलर काढून गुंडाळायला सुरुवात केली होती. मी हाताला तसं सांगितलं नव्हतं.

त्याने शेवटच्या बेसवर पाय ठेवला. वल्दाची पोरं डावीकडे होती, हात पुढे करून उभी. तो उजवीकडे वळला. आठ वर्षांची सवय. टोपी काढली आणि जाळीच्या कडेने चालू लागला.

चार पावलं, पाच पावलं. टोपी उलटी धरलेली. त्याच्या अंगावर वल्दाचा शर्ट आहे हे तो सोडून सगळ्यांना दिसत होतं. वरून कुणीतरी खुदकन हसलं. कुणी नोट काढली नाही, कुणी जागचं हललं नाही. आणि सहाव्या पावलाला त्याच्या लक्षात आलं. त्याच्या मोठ्या कानांपासून मानेपर्यंत रक्त चढलेलं मला दिसलं. तो थांबला, आणि नेमका माझ्यासमोर थांबला.

मधे फक्त जाळी होती. माझ्या मुठीत तयार गुंडाळी होती आणि भोकापासून माझा हात वीतभर खाली होता. त्याने मूठ पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं.

"अरे मेबरी, वाट चुकलास!" मागून होइट ओरडला. "का बरोबर पोचलास?"

सगळ्या पायऱ्या हसल्या. हसण्याचा तो लोट माझ्या पाठीवर आला आणि मला वाटलं, आता सगळे माझ्याकडेच बघतायत. बघतच होते. वीतभर. एक वीतभर हात उचलायचा होता. माझा हात उचलला गेला नाही.

लेलँडने टोपी डोक्यावर घातली. टोपीला बोट लावून म्हणाला, "मिस व्हर्ना." मग वळला आणि सगळ्या मैदानासमोरून पलीकडच्या डगआउटपर्यंत चालत गेला.

सामना वल्दाने जिंकला. मी घरी येऊन तो डॉलर टेबलावर ठेवला आणि त्याला इस्त्री केली. त्याहून दुसरं काय करायचं ते मला सुचलं नाही.

जानेवारीत, एका गुरुवारी सकाळी, तेल खोदणाऱ्या एका कंपनीचा माणूस माझ्या ओसरीवर आला. काखेत पुठ्ठ्याचं खोकं होतं आणि टोपी हातात होती, म्हणून तो बोलायच्या आधीच मला कळलं. विहिरीवरची साखळी सोमवारी तुटली होती. लेलँड तिच्या वाटेत उभा होता. त्याला त्रास झाला नाही, असं तो माणूस म्हणाला. असं ते नेहमीच म्हणतात.

"कामावर घेताना आम्ही एक कागद भरून घेतो," तो म्हणाला. "काही झालं तर कुणाला कळवायचं, त्याचा. त्यात त्यांनी तुमचं नाव आणि हा पत्ता दिलाय. दुसरं कुणाचंच नाव नाही."

"कधी भरला तो कागद?"

त्याने उलटून बघितलं. "सप्टेंबरच्या दोन तारखेला."

म्हणजे त्या रविवारनंतर. जाळीपाशी जे झालं ते होऊन गेल्यानंतर त्याने माझं नाव लिहिलं होतं.

खोक्यात दाढीचं सामान, दोन शर्ट आणि फर्स्ट बेसचा हातमोजा होता. हातमोज्याला नुकतंच तेल लावलेलं होतं, मार्चसाठी. मी तो हातात घेतला आणि ओसरीच्या पायरीवर बसले. समोर मिल्ड्रेड तिची ओसरी झाडत होती, एकच जागा पुन्हा पुन्हा.

"इथे सही लागेल," तो माणूस म्हणाला. "आणि नातं लिहावं लागेल. काय लिहू?"

"घरातला माणूस," मी म्हटलं. मोठ्याने म्हटलं. मिल्ड्रेडचा झाडू थांबला. मला जराही भीती वाटली नाही, कारण जपायचं असं आता काही उरलंच नव्हतं.

तो बिचारा घुटमळला. "तसं नाही लिहिता येत, बाई. छापलेलं आहे ना. बायको, आई, मुलगी, बहीण, नाहीतर इतर."

"घरातला माणूस होता माझा," मी पुन्हा म्हटलं, रस्त्यापलीकडे नीट ऐकू जाईल असं.

त्याने माझ्याकडे बघितलं, पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं आणि 'इतर'पुढे फुली मारली. मग सही कुठे करायची ते मला बोटाने दाखवलं.